शंकररावांच्या उकिरड्यापर्यंतचा प्रवास

प्रवासाला निघालं की माणसं विचारतात, "काय बघायला चाललात?" लेणी, किल्ला, एखादं देऊळ, असं काहीतरी सांगता आलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. मी जालना जिल्ह्यात उकिरडे बघायला चालले होते. शेजारच्या काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "का गं, इथले कमी पडले?"

खरं सांगायचं तर कमीच पडले होते. मी कोकणातल्या एका शेतकी महाविद्यालयात मातीचं शास्त्र शिकवते. नव्वदचं दशक संपत आलेलं होतं. गोठ्यातल्या शेणामुताचं पाणी जमिनीत मुरतं, ते विहिरीपर्यंत कसं पोचतं, तांबड्या मातीतून कसं आणि काळ्या मातीतून कसं, असा अभ्यास आम्ही हाती घेतला होता. तांबडी माती आमच्या दारातच. पण आमच्याकडची गाय म्हणजे जरा मोठी शेळी. दूध वासरापुरतं, आणि शेण भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची असते त्यात जळून जातं. उकिरडा म्हणावा असा उकिरडा साठतच नाही. काळी माती, दणकट म्हशी आणि विहिरीला खेटून गोठा हे सगळं एका जागी बघायचं तर मराठवाडा गाठायला हवा, असं ठरलं. भोकरदन तालुक्यात हसनाबादच्या पलीकडची एक वाडी आम्हाला सुचवण्यात आली. तिचं नाव इथे सांगत नाही. तिथलं एक लग्न या हकिकतीत येतं आणि नाव कळलं तर कुणाचं ते पंचक्रोशीला लगेच कळेल.

बरोबर आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस सावंत होते. सावंत मालवणकडचे. आयुष्यात प्रथमच घाट ओलांडत होते आणि पिशवीत सुक्या बांगड्याची पुरचुंडी घेऊन निघाले होते.

जालना

पाण्याच्या नमुन्यांसाठी आणलेल्या बाटल्यांपैकी अर्ध्याअधिक वाटेतच फुटल्या. जालन्याला उतरून खोका उघडला तर आत काचेचा चिवडा. नव्या बाटल्या कुठे मिळतील म्हणून विचारत आम्ही एका भंगारवाल्यापर्यंत पोचलो. त्याच्याकडे हव्या त्या आकाराच्या, घट्ट झाकणाच्या, भरपूर बाटल्या होत्या. फक्त त्या सगळ्या दारूच्या होत्या.

"शास्त्राक काय त्याचा?" सावंत म्हणाले. "धुतल्यार झाला."

आणि ते एसटी स्टँडच्या नळावर बाटल्या धुवायला बसले. मी शेजारी पातळ सावरत, एकेक बाटली उन्हाकडे धरून, लेबलाचा चिकटा राहिला नाही ना ते बघत होते. थोड्याच वेळात आमच्याभोवती बरीच गर्दी जमली. एका गृहस्थांनी हळहळून आपल्या बायकोला सांगितलं, "चांगल्या घरची दिसती गं."

हसनाबादच्या गाडीत कंडक्टरनं खोक्याला पाय लावून पाहिला. आतून किणकिण झाली.

"बाई, भरलेल्या का रिकाम्या?"

"रिकाम्या. भरायला चाललोय."

"हसनाबादला?" त्याचा चेहरा उजळला. "तिथं कोण भरून देऊन राह्यलं?"

मी त्याला नायट्रेट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि तिकीट फाडून दिलं, पण विश्वास ठेवला नाही.

वाडी

दिवाळी होऊन गेली होती. दोन्ही बाजूंनी कापूस, मध्येच तुरीचे पट्टे, आणि ज्वारी नुकती गुडघ्याला लागलेली. आमच्याकडे नजर चार पावलांवरच्या झाडाला अडते. इथे ती सुटली की सुटली. सावंतांना एवढं मोकळं आभाळ सहन होईना. "झाकण काढल्यावानी वाटता," ते म्हणाले. त्याच सुमाराला त्यांची उजवी चप्पल ओल्या वाटेत रुतून बसली. ती काढताना पट्टा तुटला आणि पायाला विटेएवढं ढेकूळ चिकटून आलं. "बाई, ही माती नाय, ह्यो डिंक आसा!"

वाडीत पोचल्याबरोबर दूध संस्थेचा सचिव भास्कर सामोरा आला. तरुण, हडकुळा, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. मी सांगितलं, "आम्ही पाणी तपासायला आलोय."

भास्करनं खिशातलं एक पेन काढलं आणि परत खोचलं. "पाणी?" एवढंच तो बोलला, आणि "चहा सांगतो" म्हणून जो गेला तो गावभर फिरूनच परत आला.

त्या संध्याकाळी मी संस्थेत सहज बसले होते. लोक कॅन घेऊन येत, मला वाकून नमस्कार करत, दूध मोजून देत आणि मागे न बघता निघून जात. दूध कसं? तर वरून ओतलं तर तुटायचं नाही इतकं दाट. भास्कर यंत्रात फॅट बघत होता आणि घाम पुसत होता. म्हशींनी त्या दिवशी जणू पण केला होता. एकूण दूध मात्र रोजच्यापेक्षा बरंच कमी भरलं.

"असं एकदम कमी कसं?" मी विचारलं.

"थंडी पडली ना मॅडम," भास्कर म्हणाला. आम्ही दोघंही उकाड्यानं वारा घेत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावंतांनी पारावर खुलासा केला. आम्ही विहिरीचं पाणी तपासतो, दुसरं काही नाही. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मान डोलावली. "मंग आमी तेच म्हणलं ना! दुधात तेच तर असतंय."

आम्हाला दुधाशी काही कर्तव्य नाही हे पटायला दुपार उजाडली. संध्याकाळी गावाच्या जिवात जीव आला आणि दुधात पाणी.

शंकररावांच्या घरी

आमची उतरायची सोय शंकररावांकडे होती. शंकरराव म्हणजे वाडीतले मोठे दूधवाले. उंच, धिप्पाड, पांढरं धोतर, आवाज असा की शेजारच्या शिवारातला बैल थांबावा. थोरला मुलगा औरंगाबादला कंपनीत. त्याची बायको कमल तान्ह्या मुलीला घेऊन इथेच सासरी असायची आणि घर सगळं तीच बघायची. शंकररावांच्या पत्नी वारल्या होत्या. धाकटा मुलगा प्रकाश मोटारसायकलला कॅन बांधून दूध पोचवायचा आणि लग्नाचा होता.

शंकररावांनी हातपाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, आणि म्हणाले, "चला, दावतो."

मला वाटलं म्हशी दाखवतील. म्हशींच्या शेजारून आम्ही पुढे गेलो. विहिरीला वळसा घातला. आणि समोर तो उभा होता.

मी आजवर पुष्कळ उकिरडे पाहिले आहेत, पोटापाण्यासाठी पाहिले आहेत, पण असा नाही. ओसरीच्या पत्र्याएवढी उंची, वरून सपाट, कडा चापून घेतलेल्या, आणि चढायला चक्क दगडाच्या पायऱ्या. पावसाळाभराचं पाणी पिऊन तो तृप्त झाला होता. तळातून तपकिरी पाझर निघून विहिरीच्या कठड्याकडे चालला होता.

"आजोबापासून हाय," शंकरराव म्हणाले. "कवाच पुरा उपसला न्हाई. वरचं वरचं नेतो, बुड तसंच ठेवतो. पूर्वी पोरगी द्यायची तर लोक घर बघत न्हव्हते मॅडम, उकिरडा बघायचे. ज्याचा उकिरडा मोठा त्याची जनावरं लई. जनावरं लई तर घर खातंपितं."

आमच्याकडे मुलीचा बाप आंब्याची कलमं मोजतो. त्या मानानं हा हिशोब अधिक प्रामाणिक वाटला, कारण कलमं शेजाऱ्याचीही आपली म्हणून दाखवता येतात.

मी नमुना घ्यायला पायऱ्या चढून वर गेले. भोवती दहा-पंधरा माणसं जमलेली. बोलायची सवय वाईट. मी वरूनच समजावून सांगू लागले की शेणातला कस पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतो, उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, त्या भेगांतून तो थेट— आणि मी थेट खाली गेले. वरचा पापुद्रा वाळून कडक झाला होता. आतला भाग झाला नव्हता. गुडघ्याच्या वर, मांडीपर्यंत मी आत होते आणि हातात नमुन्याची बाटली उंच धरलेली.

कुणी हसलं नाही. ते सगळ्यात वाईट. शंकररावांनी आणि प्रकाशनं मला दोन्ही दंडांना धरून उपटून काढलं. चप्पल आत राहिली. सावंतांनी ती काढायला हात घातला तर शंकररावांनी त्यांना थांबवलं. "राहू द्या. चैतापातुर खत व्हईल."

कमलनं मला न्हाणीत बसवून कढत पाणी घातलं. हसू दाबायचा तिनं फार प्रयत्न केला. शेवटी पाठमोरी होऊन खांदे हलवू लागली, मग मलाही राहवेना. आमची ओळख अशी झाली. त्या रात्रीच्या जेवणात बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी होती. भाजलेल्या धान्याचं मसाला घालून दळलेलं पीठ, त्याची ही झणझणीत पातळ आमटी. पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ आली आणि दुसऱ्याला मी वाटी पुढे केली. सावंतांनी हळूच बांगड्याची पुरचुंडी सोडली. त्या वासानं म्हशी दावणीला हिसके देऊ लागल्या, तेव्हा शंकरराव हात जोडून म्हणाले, "साहेब, ते काय असंल ते सकाळी बाहेर जाऊन खा. जनावरं दूध चोरतील."

गुलाबी

पुढचे दोन दिवस आम्ही विहिरी घेतल्या. आमच्या पेटीत पुड्या होत्या. पाण्यात चिमूटभर टाकून हलवायची, की पाण्यात नायट्रेट असेल त्या मानानं रंग चढतो. नसेल तर पाणी तसंच नितळ, थोडं असेल तर फिकट गुलाबी, फार असेल तर गर्द. नक्की आकडे नंतर प्रयोगशाळेत काढायचे, पण अंदाज जागेवर येतो. शेणामुतातला नत्र मुरता मुरता नायट्रेट होतो आणि पाण्यात उतरतो. दिसत नाही, वास येत नाही, चव लागत नाही. मोठ्या माणसाला सहसा जाणवत नाही, पण तान्ह्या बाळाच्या दुधात असं पाणी गेलं तर त्याचं रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही. ओठ, नखं निळी पडतात.

हे सगळं मी सांगणारच होते, पण शेवटी, सगळे निकाल आल्यावर. तोवर गावानं आपला अर्थ लावून घेतला. पारावर नळ्या ओळीनं लावल्या होत्या. शाळेजवळच्या हातपंपाचं पाणी जवळपास नितळच राहिलं. ज्यांच्या विहिरी गोठ्यापासून लांब होत्या त्यांचं किंचित गुलाबी. मग जरा अधिक. लोक आपापली नळी शोधून दुसऱ्याच्या नळीशी ताडून बघत होते. एक जण तर म्हणाला, "आमची काहून अशी फिक्की? पुन्हा टाका की पुडी!"

शेवटी शंकररावांच्या विहिरीची नळी हलवली. जास्वंदीसारखा रंग चढला. पारावर टाळ्या पडल्या.

"आपलाच नंबर!" शंकररावांनी मिशीवर हात फिरवला. "ते बराबर हाय. पाण्यात दम पाह्यजे!" आणि भास्करला पेढे आणायला सांगितलं.

पेढे आले. एक माझ्या तळहातावर ठेवला गेला. तो हातात धरून मी म्हणाले, "शंकरराव, जरा घरी चला. बोलायचंय."

ओसरीवर मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते. चेहऱ्यावरचा आनंद उतरायला वेळ लागला, सुजेसारखा तो हळूहळू उतरला. मग ते म्हणाले, "आमी पिढ्यान् पिढ्या हेच पाणी पिऊन राह्यलो. कोणाला काय झालं?"

"मोठ्यांना कदाचित होणारही नाही. पण बाळाला वरचं दूध देता का?"

आतून भांड्याचा आवाज आला. कमल दारात उभी होती.

"देते ना," ती म्हणाली. "मला दूध कमी येतं. पावडरीचं देते. पर पाणी मी उकळूनच घेते ताई. चांगलं आटवून. डॉक्टरनं सांगितलंय."

आयुष्यात मला इतकं अवघड वाक्य क्वचितच बोलावं लागलं असेल. "कमल, उकळल्यानं जंतू मरतात. हे मात्र जात नाही. पाणी आटतं, हे आत तसंच राहतं. म्हणजे जास्त आटवलं तर..."

तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिनं चुलीवरचं पातेलं उतरवलं, परसात नेऊन ओतलं, आणि रिकामं पातेलं हातात घेऊन तिथेच उभी राहिली. मग एकदम आत धावली आणि झोळीतल्या पोरीला उचलून उजेडात आणलं. आम्ही तिघांनी त्या पोरीचे ओठ पाहिले, नखं पाहिली. लाल होती. झोपमोड झाल्यामुळे तिनं जो गळा काढला त्यावरून छातीही ठणठणीत असावी. तरी त्याच दुपारी प्रकाशच्या मोटारसायकलवर कमल तिला हसनाबादला डॉक्टरांकडे दाखवून आली. सगळं ठीक होतं.

पण उकिरडा हलवायचं नाव काढल्यावर शंकरराव पुन्हा ताठ झाले. "रविवारी पाहुणे येऊन राह्यले. अंबडकडचे. प्रकाशचं जमवायचंय. पोरीवाले घर बघायला येणार, अन् मी त्याहिला काय दावू? खड्डा?"

"अहो पण—"

"मॅडम, लगीन होऊ द्या. मंग बघू."

पहाटे मी बाहेर आले तर शाळेजवळच्या हातपंपाचा आवाज येत होता. धुक्यात कुणीतरी घोंगडी डोक्यावरून घेऊन पंप मारत होतं. जवळ गेले. शंकरराव होते. दोन कळश्या भरलेल्या. मला बघून ते दचकले.

"लेकरासाठी नेऊन राह्यलो," ते दबक्या आवाजात म्हणाले. त्यांचा दबका आवाज मारुतीच्या देवळापर्यंत गेला. "उकिरड्याचा यात काई संबंध न्हाई."

रविवार

पाहुणे जीप करून आले. मुलीचे वडील, मामा, दोन चुलते. पण जीपमधून सर्वांत आधी उतरली ती मुलीची आत्या, सरूबाई. ठेंगणी, काटक, हिरवं इरकल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पुरुष मंडळी ओसरीवर टेकायच्या आत ती गोठा, दावण, चुलीपर्यंत जाऊन आली होती. मुलीची आई नव्हती, पोर आत्यानंच वाढवलेली, हे कमलनं मला कुजबुजून सांगितलं. "मामांना त्यांचीच धास्ती हाय," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

मला आणि सावंतांना पंगतीत बसवलं होतं. कोकणातून मॅडम आपल्याकडे संशोधनाला आल्या हीदेखील घराची शोभाच होती. पुरणपोळी, तूप, कटाची आमटी, भजी. उकिरड्याच्या पायऱ्यांना चुना लावलेला मी सकाळीच पाहिला होता.

शंकररावांनी पाहुण्यांना तो दाखवून आणला होता आणि पाहुणे बरेच खूश होते. मुलीच्या वडिलांनी बोलणं जवळजवळ पक्कं केलं. तेवढ्यात सरूबाईनं पाण्याचा तांब्या उचलला, आणि तसाच हातात धरून माझ्याकडे वळली.

"बाई, तुमी हिथं काय करून राह्यल्या?"

"पाणी तपासते."

"अस्सं? मंग ह्यांच्या इहिरीचं कसं हाय?"

पंगतीत भज्यांचा कुरकुर आवाज थांबला. शंकररावांनी माझ्याकडे पाहिलं. तसं मी कुणाला माझ्याकडे पाहताना त्याआधी पाहिलं नव्हतं. दटावणी होती, विनवणीही होती. समोर प्रकाश पोळीचा घास हातात घेऊन थिजलेला. त्याला मुलगी पसंत होती. हे मला माहीत होतं, कारण ते सगळ्या वाडीला माहीत होतं. खोटं बोलावं तर एक मुलगी याच विहिरीवर येणार, तिला लेकरं होणार. खरं बोलावं तर चाललेली सोयरीक मोडणार, तीसुद्धा ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्या ताटावर बसून.

मी घोटभर मठ्ठा प्याले आणि म्हणाले, "सरूबाई, शंकररावांचा उकिरडा तुम्ही पाहिलात. असा कसदार उकिरडा मी कुठे पाहिला नाही. इतका कस आहे त्यात, की तो उकिरड्यात मावत नाही. खाली उतरून विहिरीत गेलाय. शेताला मिळायचं खत विहिरीला मिळतंय."

शंकररावांना हे पहिल्यांदा कौतुकच वाटलं. ते मान हलवायला लागले होते.

सरूबाईनं तांब्या खाली ठेवला. "म्हंजी," ती शांतपणे म्हणाली, "तुमी शेण पिऊन राह्यले."

कुणाच्या तरी घशात भजं अडकलं. सावंतांनी त्याच्या पाठीत धपका मारला. पुरुष मंडळी एकदम बोलू लागली. मुलीचे मामा म्हणाले, असं कुठं असतं काय. शंकरराव म्हणाले, पिढ्यान् पिढ्या. एक चुलते म्हणाले, शेण तर पवित्रच असतंय.

"पवित्र हाय तर घ्या की आजून एक तांब्या," सरूबाई म्हणाली.

तेव्हा वाढायला आलेली कमल पंगतीच्या मधोमध थांबली. हातात तुपाचं भांडं. पाहुण्यांसमोर सासऱ्यांपुढे बोलायची तिची ही पहिलीच वेळ असावी, कारण बोलली ती भांड्यातल्या तुपाकडे बघत. "आत्याबाई बराबर बोलून राह्यल्या. मी माझ्या लेकराला हे पाणी देत न्हाई आता. मामा रोज पहाटं हातपंपावरून आणून देतात."

सगळ्यांनी शंकररावांकडे पाहिलं. इतका मोठा माणूस ताटाकडे बघत बसला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तुमी सोता आणता?" सरूबाईनं विचारलं. "कळश्या भरून?"

"थंडीत तिला कशाला धाडायचं," शंकरराव पुटपुटले.

सरूबाईनं ताट जवळ ओढलं. मग कमलकडे वळून म्हणाली, "वाढ गं तूप." आणि तुपाची धार पोळीवर पडेपर्यंत थांबून भावाला म्हणाली, "पोरगी ह्याच घरात द्यायची. सुनंसाठी पाणी वाहणारा सासरा मला दुसरीकडं घावायचा न्हाई. पर आधी तो उकिरडा हालला पाह्यजे. अन् तो हालल्याबिगर मी हितून हालत न्हाई."

पाहुणे जीप घेऊन गेले. सरूबाई खरोखरच राहिली.

उकिरड्याचं उठणं

दुसऱ्या दिवशी सगळ्या वाडीच्या बैलगाड्या दारात. सरूबाई विहिरीजवळ बाज टाकून बसली होती आणि कुणाची गाडी पुरती भरली नाही ते सांगत होती. नवा खड्डा कुठे घ्यायचा ते दाखवायचा मान माझा. मी उतार पाहिला, विहिरीपासूनचं अंतर पाहिलं, माती हातात घेऊन पाहिली आणि शास्त्रशुद्ध जागा दाखवली. खणायला सुरुवात झाल्यावर मुख्याध्यापक धावत आले. वारा कुठून वाहतो तेवढं मी पाहिलं नव्हतं. खड्डा शाळेच्या नाकासमोर येत होता. मग सगळ्यांनी मिळून खालच्या बांधाजवळची दुसरी जागा ठरवली. तळ चोपून घेतला, दगड बसवले, पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून भोवती वरंबा घातला. गोठ्यातलं पाणी विहिरीकडे न जाता म्हशींसाठी लावलेल्या घासाच्या वाफ्यात जावं म्हणून चर काढला.

माणसं शंकररावांना भेटायला येत होती. दोन-दोन, तीन-तीन जण ओसरीवर येऊन बसत, बिडी ओढत, "व्हायचं ते होऊन गेलं" असं म्हणून उठत. आपल्या आजोबांचा तळ दिसायला लागला तेव्हा शंकरराव उठून मागच्या दारी गेले. परत आले ते डोळे पुसतच. "कचरा गेला डोळ्यात," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मात्र मी ऐकलं, ते रस्त्यानं चाललेल्या एका पाव्हण्याला हाताला धरून खड्ड्याकडे नेत होते. "या, या. खालून दगडी हाय. कोकणातून मॅडम आणल्या खास त्याच्यासाठी."

विहीर इतक्यात सुधारणार नाही, दोन-तीन पावसाळे तरी जातील, तोवर प्यायला पाणी हातपंपाचंच आणा, हे मी निघताना पुन्हा पुन्हा बजावलं. कमलनं वाटेसाठी धपाटे बांधून दिले आणि स्वतःची नवी चप्पल माझ्या पायात घातली. सावंतांना शंकररावांनी म्हशीच्या दुधाचा खवा दिला. बदल्यात सावंतांनी शेवटचा बांगडा देऊ केला, तो त्यांनी हात जोडून नाकारला.

परतीच्या गाडीत

जालन्यापर्यंत सरूबाई आमच्याच गाडीत होती. तिला तिथून अंबडची गाडी धरायची होती, आम्हाला घरची. ती माझ्या शेजारी बसून मोसंबी सोलत होती आणि अर्धी अर्धी मला देत होती. मी म्हणाले, "सरूबाई, तुम्ही होतात म्हणून झालं. मी वर्षभर सांगत बसले असते तरी उकिरडा हलला नसता."

तिनं मोसंबीच्या बिया मुठीत थुंकल्या आणि खिडकीबाहेर टाकल्या. स्टँड जवळ आलं तशी अस्वस्थ होऊन पदर सारखा करू लागली. मग माझ्या कानाशी वाकली.

"बाई, एक इचारू? आमचा उकिरडा शंकररावाच्या दुप्पट हाय. अन् इहीर त्याच्या पायथ्यालाच."

मी हातातली मोसंबी खाली ठेवली.

"हे त्याहिला सांगू नका," ती म्हणाली. "माझ्या धाकट्या भावजयीचा तान्हा हाय घरी. रविवारपासून मला घास गोड लागंना."

"मग त्या दिवशी पंगतीत का नाही बोललात?"

"पोरीवाल्यांनी असं कधी बोलायचं असतं का?"

गाडी थांबली. सावंत आमच्या घरच्या गाडीची चौकशी करायला उतरले. तेवढ्यात सरूबाईनं आमचा बाटल्यांचा खोका उचलला, डोक्यावर घेतला, आणि गर्दीतून वाट काढत समोर उभ्या असलेल्या अंबडच्या गाडीकडे चालू लागली. मी मागून हाका मारत होते. तिनं खोका खिडकीतून आत सरकवला, त्याच्या शेजारची जागा पदर टाकून धरली, आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

"चला जल्दी," ती म्हणाली. "संध्याकाळपातुर घरी पोचू."

मी सावंतांना हाक मारली आणि अंबडच्या गाडीत चढले.